अर्धा तास मालिकेचा

महिला शिबिरात दिनचर्येचा तक्ता भरून घ्यायची आपली जुनी पद्धत आहे. पहाटे उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत बाई काय काय करते, ते तासातासाने फळ्यावर लिहायचं आणि शेजारी घरातल्या पुरुषाचा दिवस मांडायचा. पाणी, चूल, भाकऱ्या, गोठा, रान किंवा पिरंगुटच्या कारखान्यातली पाळी, परत आल्यावर पुन्हा चूल, असा फळा भरत जातो. रात्री आठच्या पुढे कुठेतरी एखादी हळूच म्हणते, "मग मालिका बघते." बाकीच्या हसतात. शिबिर घेणारीच्या कपाळाला मात्र आठी पडते. तक्त्यात ही नोंद होते ती 'वाया जाणारा वेळ' म्हणून, नाहीतर होतच नाही.

या आठीबद्दल मला बोलायचं आहे. मी मुळशी तालुक्यात बचतगटांबरोबर काम करते आणि मीही हलक्याफुलक्या प्रेमकथा आवडीने बघते. आपल्या वर्तुळात हे सांगताना बायका अजूनही आवाज खाली आणतात, म्हणून हा लेखप्रपंच.

आठीमागे कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. दूरदर्शनच्या काळापासून स्त्री-संघटनांनी पडद्यावरच्या बाईवर आक्षेप घेतले. सोसणारी सून, विष कालवणारी नणंद, मंगळसूत्राची शपथ यांवर पत्रं लिहिली, निषेध केले. ते करायलाच हवं होतं. पण तेव्हापासून आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. कटकारस्थानाची मालिका वेगळी, हसतखेळत चाललेली प्रेमाची गोष्ट वेगळी, हा फरक आमच्या गटातल्या बाया बरोबर करतात. पहिलीला त्या 'भांडणाची' म्हणतात, दुसरीला 'गोड'. दिवसभर रोपं लावून कंबर मोडली की त्यांना गोड लागतं.

अमेरिकेत या गोडाचा मोठा कारखानाच आहे. हॉलमार्क नावाची वाहिनी नाताळच्या आधी ओळीने असे चित्रपट दाखवते. शहरातली कामात बुडालेली बाई सणासाठी गावी येते, तिथे एक साधा, भला माणूस भेटतो, बर्फ पडतं, शेवटी सगळं जुळतं. यातले बरेच चित्रपट कॅनडात भर उन्हाळ्यात खोटं बर्फ पसरून काढतात. बघणारीला शेवट पहिल्या पाच मिनिटांत कळलेला असतो आणि तो तसाच होणार, यातच तिची मजा असते.

आपल्याकडे नाताळाच्या जागी दिवाळी, संक्रांत, मंगळागौर. मराठी मालिकांचं पंचांग सणांवरच चालतं. दिवाळीत पहिला पाडवा आणि त्याचा 'महाएपिसोड', संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. सुट्टीच्या दिवशी 'मुंबई-पुणे-मुंबई'सारखा २०१० सालचा चित्रपट पुन्हा लागतो आणि पुन्हा बघितला जातो. त्यात काही म्हणजे काही घडत नाही. मुंबईची मुलगी स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते, एक मुलगा भेटतो, दोघं दिवसभर पुण्यात फिरतात आणि बोलतात. आमच्या एका मावशींनी याचं परीक्षण एका वाक्यात केलं होतं : "आख्खा पिच्चर गडी तिचं ऐकूनच घेतोय." आपल्या घरी कुणी किती मिनिटं ऐकून घेतं, याचा हिशेब मग ज्याने त्याने मनातल्या मनात करावा.

मुळशीत दिवाळी येते ती भातकापणीच्या तोंडावर. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर शेतात पिवळा पडून उभा असतो, वर आभाळाचा भरवसा नसतो. बाया दिवसभर विळा चालवून संध्याकाळी चकल्यांची सोऱ्या धरतात. त्याच वेळी पडद्यावर पैठणी नेसलेली, न घामेजलेली सून शंभर पणत्या लावत असते. बायांना हे दिसत नाही असं समजू नये. "हिच्या पदराला चूल कशी लागत नाही?" असं कुणीतरी म्हणतं आणि सगळ्या फिदीफिदी हसतात. हसून झालं की पुढचं बघतात. टीका आणि आनंद एकाच चटईवर बसलेले असतात. आपल्याला मात्र दोहोंपैकी एकच करता येतं असं का वाटतं, कोण जाणे.

आता वेळेचा मुद्दा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जात होते. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचे ९७. आणि मुळात हात लावणारे पुरुष चारांत जेमतेम एक. पाच तास बिनपगारी राबणाऱ्या बाईने अर्धा तास कुणाच्याही उपयोगाचं नसलेलं काही बघितलं, तर तो अर्धा तास वाया गेला असं म्हणणाऱ्याला आधी त्या पाच तासांबद्दल विचारावं. पारावर पत्ते कुटणाऱ्यांचं 'प्रबोधन' करायला आपण कधी गेलो नाही.

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली एका गावातल्या प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींवर 'रीडिंग द रोमान्स' हे पुस्तक लिहिलं. कादंबरीत काय आहे यापेक्षा वाचणं म्हणजे काय, याबद्दल त्या बाया जास्त बोलल्या. पुस्तक हातात घेतलं की घराला कळतं, आता आईला हाक मारायची नाही. रॅडवेंनी पुढे एक कडू गोष्टही नोंदवली. अशा गोष्टी वाचून बाईला तेच घर, तोच नवरा सोसण्याचं बळ मिळतं आणि घर बदलण्याची निकड कमी होते. हे मला पटतं. पण सोसण्याचं बळ काढून घेतलं की बाई आपोआप बंड करते, असंही मला कामात कधी दिसलेलं नाही. थकलेली बाई मोर्चाला येत नाही.

याच मुळशीच्या डोंगरी गावांतून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गरीब डोंगरी संघटनेतल्या बायांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातून लाखावर ओव्या जमल्या. त्यांचं मोल आज सगळे जाणतात, अभ्यास होतात, 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'ने २०१७ पासून त्या आवाजासकट लोकांपुढे आणल्या आहेत. त्या ओव्यांत दुःख आहे, रामायण आहे, विठोबा आहे, भावाची वाट पाहणं आहे, आणि नटणं, मिरवणं, हौसही आहे. मग गावात गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, काही वर्षांनी टीव्ही आला. पहाटे ओवी म्हणणारीच बाई किंवा तिची सून रात्री मालिका बघते. ओवी ती स्वतः रचत होती आणि मालिका दुसऱ्याने रचलेली, विकलेली आहे, हा फरक लहान नाही. तरी ओवीतल्या हौसेला आपण संस्कृती म्हणायचं आणि मालिकेतल्या हौसेला मागासलेपण, यात मला थोडा दांभिकपणा वाटतो.

दुसऱ्याने रचलेल्या गोष्टीतूनही काय निघू शकतं, त्याचा एक अनुभव सांगते. २०१९ ते २०२१ या काळात झी मराठीवर 'अग्गंबाई सासूबाई' ही मालिका होती. विधवा सासू आसावरी, तिला पुन्हा लग्नाला उभी करणारी सून शुभ्रा आणि अभिजित राजे नावाचा शेफ. आमच्या गटांत सर्वांत जास्त चर्चा झाली ती हा माणूस स्वतः रांधून बाईला वाढतो याची. ताट वाढून समोर आलंय आणि आपण बसून जेवतोय, हे चित्र कित्येकींनी लग्नानंतर माहेरीसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

पण एका गावात चर्चा पुढे गेली. चाळिशीच्या आतली एक विधवा बाई गटाच्या हिशेबाची वही मिटता मिटता म्हणाली, "ताई, आसावरीचं ठीक आहे. आमच्यात कुणी असं केलं तर सातबाऱ्यावरचं नाव जातं ना?" कायद्याच्या माहितीची दोन शिबिरं त्या गावात झाली होती, पण हा प्रश्न तिथे आला नव्हता. विधवेने स्वतःच्या लग्नाचं शिबिरात कसं बोलावं? मालिकेतल्या बाईच्या आडून मात्र बोलता आलं. उत्तर असं की १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात ती मेख होती. पुन्हा लग्न केलं की मयत नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जाई. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ते उरलं नाही. नवऱ्याच्या पश्चात वारसाने मिळालेला हिस्सा तिचा स्वतःचा, पुनर्विवाहाने तो जात नाही. हिंजवडीपासून लवासापर्यंत जमिनीच्या गुंठ्याला काय भाव आलाय ते तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच सासरचे लोक विधवेला उलटं सांगत राहतात. त्या संध्याकाळी नऊ जणींनी आपापला सातबारा काढायचं ठरवलं. तिघींची नावं वारस म्हणून लागलेलीच नव्हती.

मालिकेने हे घडवलं असा माझा दावा नाही. २०२२च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यामागे गावातल्या लोकांचं काम होतं. टीव्हीने समाज बदलत नाही. पण कुठून बोलायला लागायचं ते कधी कधी सापडतं, आणि ते हाताशी असताना आपण नाक मुरडून टाकून देतो.

दोष भरपूर आहेत. या गोड गोष्टींत आडनावं बघा : काळे, देसाई, गोखले. प्रेम जात बघत नाही म्हणतात, पण मालिकेत ते बरोबर जातीतच जाऊन पडतं, त्यामुळे आपल्या कामातला सर्वांत अवघड प्रश्न तिथे उद्भवतच नाही. 'तुझी माझी रेशीमगाठ'मध्ये (२०२१) एकट्या आईला, नेहाला, प्रेम मिळतं, लेकीसकट मिळतं, हे छानच. पण देणारा अब्जाधीश. एकट्या बाईचं घरभाडं, रजा, मुलीची फी हे सगळं त्याच्या गाडीत बसल्यावर सुटतं. आणि काही गोष्टींत नकार दिलेल्या मुलीच्या मागे मागे फिरणं म्हणजे प्रेम, असं अजूनही दाखवतात. त्याला मी गोड म्हणणार नाही, एस.टी.साठी पौडला उभ्या असणाऱ्या मुलींना त्याचा त्रास रोज होतो.

मुलींचं तर आणखीच. "टीव्ही-मोबाईलने पोरी बिघडतात" म्हणून दहावीनंतर मोबाईल काढून घेणारे आणि घाईने स्थळ बघणारे पालक आम्हाला दर उन्हाळ्यात भेटतात. अशा वेळी कार्यकर्तीनेही "हो, मालिका वाईटच" अशी री ओढली, तर ती नकळत कुणाच्या बाजूला उभी राहते ते बघावं. प्रेमाची गोष्ट बघितली म्हणून मुलगी पळून जात नाही. घरात कुणाशीच बोलता येत नाही म्हणून जाते, असं परत आलेल्या मुलींनीच आम्हाला सांगितलं आहे. त्यांच्याशी नायक कसा आहे यावर गप्पा मारता येतात : त्याने विचारलं का, नाही म्हटल्यावर थांबला का, तिची नोकरी त्याला चालते का. लैंगिकतेवरच्या सत्राला मान खाली घालून बसणाऱ्या मुली या गप्पांत एकमेकींना बोलू देत नाहीत.

आमच्याकडे एक साधा बदल झाला आहे. गटाची बैठक पूर्वी आठला असायची, कारण कार्यकर्तीला ती वेळ सोयीची. बायांनी मागणी केली, "सातला घ्या, आठला सोडा." संस्थेत यावर नाराजी झाली, मालिकेसाठी बैठक बदलायची का, असं विचारलं गेलं. बैठक सातला सुरू झाली आणि हजेरी वाढली. आता तक्रार नवऱ्यांची आहे, सातला घरी आल्यावर चहा मिळत नाही म्हणून. त्यावर गटात अजून एकमत झालेलं नाही. दोघीजणी थर्मासमध्ये करून ठेवतात, बाकीच्यांनी ठेवायचं नाही असं ठरवलंय.