बांधावरील अर्धा तास

फाल्गुन लागला, की मध्य भारतातील हरभऱ्याच्या पट्ट्यात कीड सर्वेक्षणाचे काम आवरते घेतले जाते. घाटे भरून पीक सोंगणीस आलेले असते आणि कामगंध सापळे उतरवले जातात. पक्षिनिरीक्षणाला मात्र हाच काळ सर्वांत अनुकूल असतो. पळस व सावर निष्पर्ण होऊन फुललेले असल्याने त्यांवर बसलेला पक्षी दुरूनही दिसतो. हिवाळी पाहुणे अजून परतलेले नसतात आणि स्थानिक पक्ष्यांची जोडी जमवण्याची लगबग सुरू झालेली असते. या दिवसांत आठवड्यातून एकदा, एकाच बांधावर, सकाळचा अर्धा तास देणे हा छंद नसून विस्तारकार्याचाच भाग आहे, असे माझे मत आहे.

हे मत नवे नाही. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली स्थापन झालेल्या कृषी संशोधन संस्थेत सी. डब्ल्यू. मेसन यांनी पक्ष्यांच्या जठरातील अन्न तपासून कोणता पक्षी कोणते कीटक खातो, याच्या सविस्तर नोंदी केल्या. लेफ्रॉय या कीटकशास्त्रज्ञासह त्यांनी सिद्ध केलेला हा अभ्यास १९१२ साली प्रसिद्ध झाला. भारतीय कृषी कीटकशास्त्राच्या आरंभकाळातच पक्षी हा त्याच्या अभ्यासाचा विषय होता. पुढे आपले लक्ष औषधांच्या मात्रेकडे वळले आणि पक्षी आपल्या तक्त्यांतून निसटले.

आज एकात्मिक कीड व्यवस्थापनाच्या शिफारशींत पक्षीथांब्यांचा उल्लेख हमखास असतो. थांबे रोवले जातात, त्यांची संख्या अहवालात येते. पण त्यांवर कोण बसले, हे कोणी लिहून ठेवत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक सर्वेक्षण तक्त्यांत मित्रकीटकांसाठी रकाना आहे, पक्ष्यांसाठी नाही. परिणामी, थांब्याचा उपयोग झाला की नाही, याचे उत्तर शेतकऱ्याने विचारले तर आपल्यापाशी नसते.

ते असायला हवे, कारण या मदतीला जैविक आधार आहे. घाटे अळी लहान असताना तिच्यावर कॅम्पोलेटिस ही परोपजीवी गांधीलमाशी अंडी घालते. अळी मोठी झाली, की ती या माशीच्या तावडीतून सुटते आणि तिच्यावर कीटकनाशकाचाही प्रभाव कमी पडतो. नेमकी हीच ठळक दिसणारी अळी कोतवाल व साळुंकी टिपतात. माशी आणि पक्षी यांचे काम असे परस्परांना पूरक आहे.

तथापि, अतिशयोक्ती टाळावी. पक्षी प्रकोप थोपवू शकत नाहीत. एक मीटर ओळीत एक-दोन अळ्या ही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली, तर अन्य उपाय योजावेच लागतात. पक्ष्यांचे मोल त्या पातळीच्या खाली, म्हणजे फवारणीची वेळ लांबवण्यात किंवा टाळण्यात आहे. वेडा राघू मधमाश्याही खातो. ज्वारीत दाणे भरताना थांबे काढले नाहीत, तर दाणे खाणाऱ्या पक्ष्यांची सोय होते. ज्या भोरड्या आज पळसाच्या फुलांवर गर्दी करतात, त्याच ज्वारीच्या कणसांवरही उतरतात आणि मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात टोळ व नाकतोडे फस्त करतात. पक्ष्याला सरसकट मित्र वा शत्रू ठरवण्याऐवजी कोणता पक्षी, कोणत्या पिकात, कोणत्या अवस्थेत, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वसंताच्या या आरंभीच आणखी एक निर्णय होत असतो, बहुधा आपल्या नकळत. सोंगणीनंतर बांध पेटवले जातात, वाळलेले खोड सरपणासाठी तोडले जाते. नीलपंख, म्हणजेच चास, नेमका याच सुमारास झाडाच्या ढोलीत घरटे करतो. तेलंगणा, कर्नाटक व ओडिशा या तीन राज्यांचा हा राज्यपक्षी. सुमारे ३० हजार निरीक्षकांच्या ३ कोटींहून अधिक नोंदींवर आधारलेल्या २०२३ च्या राष्ट्रीय पक्षी-अहवालाने त्याच्या संख्येतील घट दाखवून त्याच्या जागतिक स्थितीचे पुनर्मूल्यांकन व्हावे, असे सुचवले. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानायचे, त्याची ढोली फाल्गुनात तोडायची, ही विसंगती आहे. ढोली गेली, की खरिपाच्या तोंडावर नाकतोडे व भुंगेरे टिपणारे ते कुटुंबही त्या बांधावरून जाते.

विस्तार कार्यकर्त्यांना माझे सुचवणे मर्यादित आहे. गावागणिक एक बांध निवडावा. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत अर्धा तास थांबावे. कोतवाल, वेडा राघू, साळुंकी, गायबगळा, नीलपंख आणि हिवाळी पाहुणा गप्पीदास, या सहा पक्ष्यांपासून आरंभ पुरेसा आहे. पक्षी किती दिसले, कशावर बसले, काय टिपले, एवढेच लिहावे. एकही दिसला नाही, तर तेही लिहावे. शून्य ही नोंदच असते. गप्पीदास शेवटचा कोणत्या दिवशी दिसला, ती तारीख पुढील वर्षी तुलनेस उपयोगी पडेल.

प्रगतिशील शेतकऱ्यांनी किमान एक वाळलेले खोड उभे ठेवावे आणि बांध न जाळता गवत कापून घ्यावे. यास खर्च नाही. पुढील हंगामात फवारणीचा निर्णय घेताना अळ्यांच्या मोजणीशेजारी थांब्यावरील पक्ष्यांचीही नोंद असेल, तर तो निर्णय अधिक जाणतेपणाने घेता येईल.