खांद्यामागचा कॉक

गॅदरिंगला कुणाच्या हातात गिटार आली की ‘कंट्री रोड्स’ होतंच. १९७१मध्ये ते घराघरांत पोचवणारा जॉन डेन्व्हर कसा गेला, हे मात्र गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं.

१२ ऑक्टोबर १९९७ची संध्याकाळ. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेहून तो एकटाच उडाला. विमान होतं लाँग-ईझी : छोटंसं, दोन सीटचं, इंजिन मागच्या बाजूला. बर्ट रुटान यांचं हे डिझाइन. नकाशे आणून हौशी लोक ते घरीच बांधत. डेन्व्हरने असंच एक बांधलेलं विमान नुकतंच विकत घेतलं होतं. किनाऱ्यावरच्या काही लोकांना इंजिनचा फटकन आवाज आला, मग आवाज कमी झाला आणि विमान थेट समुद्रात कोसळलं. तो ५३ वर्षांचा होता.

हलक्या विमानाचं इंजिन बंद पडलं म्हणजे सगळं संपलं, असं नसतं. विमान तरंगत खाली येतं, पायलटला थोडा वेळ मिळतो. इथे तो मिळाला नाही. का, ते कळायला आधी बाइककडे या.

बाबांची जुनी बाइक चालवली असेल तर रिझर्व्हचा कॉक माहीत असेल. गाडी गचके द्यायला लागली की डावा हात खाली घालायचा, न बघता कॉक फिरवायचा आणि पुढे जायचं. विमानातही एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर जायला असाच कॉक असतो. रुटान यांच्या नकाशात तो पायलटच्या दोन पायांच्या मधे होता. विमान बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. हेतू वाईट नव्हता. इंधनाच्या नळ्या कॉकपिटमध्ये नकोत, एवढंच त्याच्या मनात होतं. पण आता कॉक फिरवायला पायलटने अख्खं अंग मागे वळवायचं. आणि असं वळताना तोल सांभाळायला उजवा पाय आपोआप पुढे रेटला जातो. समोर काय असतं? रडरचं पेडल, म्हणजे विमानाचं तोंड वळवणारं. तपास करणाऱ्यांनी स्वतः बसून वळून पाहिलं, तेव्हा त्यांचाही पाय तिथेच गेला. जमीन हजारो फूट खाली असती तर कदाचित सावरता आलं असतं. विमान फार खाली होतं.

दोष कुणाचा? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने डेन्व्हरला सोडलं नाही. लक्ष विचलित झालं, नकळत रडर दाबलं गेलं, उडण्याआधी इंधन भरलं नाही, या विमानाचं ट्रेनिंग अपुरं होतं, हे सगळं अहवालात आहे. पण अवघड जागी बसवलेला, खुणा नसलेला कॉकही त्याच अहवालात आहे. आमच्या मते विद्यार्थ्यांनी थांबावं ते इथे. कारण ‘पायलटची चूक’ म्हटलं की फाइल बंद होते, आणि पुढचा कॉक पुन्हा खांद्यामागेच बसतो.

तो नवशिका नव्हता. त्याच्या नावावर २,७००हून जास्त तासांचं उड्डाण होतं. फक्त या विमानाशी ओळख आदल्या दिवशीची, जेमतेम अर्ध्या तासाची.

इंजिनिअरिंगच्या फायनल इयरचं प्रोजेक्ट आठवा. स्विच कुठे? ‘जिथे वायर पोचली तिथे.’ लेबल? ‘आम्हाला माहितीये ना.’ व्हायवाला सर्किट विचारतात, कोड विचारतात; हे यंत्र पहिल्यांदा हातात घेणारा माणूस अंधारात, घाईत काय करेल, हे क्वचितच विचारतात. आमची मागणी साधी आहे : प्रोजेक्ट दुसऱ्या डिपार्टमेंटच्या, काहीच माहिती नसलेल्या विद्यार्थ्याच्या हातात द्या, करणाऱ्यांनी तोंड बंद ठेवून बघायचं, आणि त्याला मार्क द्या. मार्कांशिवाय हे कुणी करणार नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

डेन्व्हरला अडचण दिसली नव्हती, असंही नाही. निघण्याआधी त्याने आणि तिथल्या मेकॅनिकने कॉकला पक्कड लावून हात पोचतो का, ते बघितलं. जमलं नाही. हवेत असताना ऑटोपायलट लावून कॉक फिरवीन, असं तो म्हणाला. इंधन दाखवणाऱ्या काचाही पाठीमागे होत्या, म्हणून मेकॅनिकने त्याला एक छोटा आरसा दिला. इंधन भरू का, असंही विचारलं. तासभरच उडायचंय, नको, म्हणून तो निघाला.