ध्वनी स्वच्छ, तिजोरीही स्वच्छ

डिजिटल झाल्यावाचून रेडिओला तरणोपाय नाही, हे वाक्य इतक्या वेळा कानी पडते की त्याचा हिशेब कोणी मागेनासे झाले आहे. आमची सारी नोकरी फायलींवर ‘खर्चाची तरतूद कोठून?’ असा शेरा मारण्यात गेली. निवृत्तीनंतरही ती खोड सुटत नाही. म्हणून श्रोत्याकडून एक पैसाही न घेणाऱ्या सामुदायिक केंद्रांपुरता तोच प्रश्न येथे विचारतो.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना व २००६ मध्ये नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना केंद्र चालविण्याची वाट खुली झाली. शक्तीची सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट. २०२४ पासून जाहिरातींना तासाला १२ मिनिटे आणि सरकारी दर दहा सेकंदांना ७४ रुपये. म्हणजे कागदावर ताशी ५,३२८ रुपये! परंतु चार गावांपुरत्या ऐकू येणाऱ्या केंद्राचा सगळा वेळ विकला जाईल, असे गृहीत धरणारे अंदाजपत्रक आम्ही तरी मंजूर केले नसते.

डिजिटलचे कैवारी दोन लाभ सांगतात : विजेची बचत आणि एकाच लहरीवर अनेक वाहिन्या. दोन्ही खरे, पण कोणासाठी? राजकोटच्या १,००० किलोवॅटच्या प्रक्षेपकाला बचत मोठी असेल. लहान केंद्राचा प्रक्षेपक दोन-तीन छतपंख्यांइतकी वीज घेतो. तेथे निम्मी बचत म्हणजे एक पंखा बंद करणे. आणि जेथे एक वाहिनी भरायला माणसे मिळत नाहीत, तेथे तीन घेऊन करायचे काय?

खरी मेख श्रोत्याच्या संचात आहे. आकाशवाणीने मध्यम लहरींवर सुमारे ३५ डिजिटल प्रक्षेपक उभारले. काही मोटारींत योग्य संच कारखान्यातूनच बसून आले. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र ते स्वस्त दरात कधी दिसले नाहीत. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम बंद केले, पण लहान स्थानिक केंद्रांना त्यावर राहू दिले. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारकाने २०२४ अखेर एफएम सोडले आणि श्रोते गळाले. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खासगी वाहिन्यांसाठी केलेल्या शिफारशीही १३ मोठ्या शहरांपुरत्या आणि एफएम चालू ठेवूनच आहेत. दोन्ही चालवायचे तर दुरुस्तीही दोन्हींची.

ब्रिटनचे उदाहरण आमच्या विरुद्ध जाते, हे मान्य करतो. २०१५ पासून तेथे मोफत संगणकप्रणाली वापरून अनेक लहान केंद्रे एकाच प्रक्षेपकाचा खर्च वाटून घेण्याचे प्रयोग झाले. परंतु तेथे संच आधीच घरोघरी होते. आधी कान, मग ध्वनी. हा क्रम उलटला की उरते ते कर्ज.

हा प्रश्न आम्हा बाहेरच्या मराठी मंडळींचाही आहे. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील जुन्या संस्थांनी उद्या केंद्र काढायचे म्हटले, तर पहिला पैसा साध्या एफएम प्रक्षेपकावर, चांगल्या ध्वनिग्राहकावर आणि ध्वनिमुद्रणावर खर्चावा. माळव्याच्या वळणाची मराठी बोलणारी माणसे आमच्या घरांतून एकेक करून जात आहेत. प्रक्षेपक दहा वर्षांनीही विकत मिळेल. ते आवाज मिळणार नाहीत.