ताटाला गाव असावे

गेल्या दिवाळीच्या आठवड्यात ८१ वर्षांच्या एका आजींना त्यांची सून आणि नातू माझ्या दवाखान्यात घेऊन आले. आठ महिन्यांत आजींचे वजन ५४ किलोवरून ४८ किलोवर आले होते. “अन्नावरची वासनाच गेली आहे, डॉक्टर,” सून म्हणाली. तिच्या सेवेत काडीचीही उणीव नव्हती. सकाळ-संध्याकाळ मऊ, बिनतिखटाची, जवळजवळ अळणी मुगाची खिचडी ती वेळेवर देत होती. असे का, म्हणून विचारले तेव्हा तिने पिशवीतून घडी पडलेला एक कागद काढला. चार वर्षांपूर्वी आजींचा रक्तदाब वाढला असताना पथ्याचा तो कागद लिहिणारा डॉक्टर मीच होतो. ‘तेल, तिखट, मीठ, भाकरी बंद.’ पुढे कधी भेटा, फेरविचार करू, असे त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते.

नातू शिकागोत नोकरी करतो. तो हसत म्हणाला, “डॉक्टर, आमच्या शहरात एक मेक्सिकन उपाहारगृह आहे. तिथे नुसते ‘मेक्सिकन’ म्हणून काही वाढत नाहीत. पदार्थ कोणत्या प्रांतातला, हे आधी सांगतात. आजीच्या ताटात मात्र हल्ली कुठलेच गाव दिसत नाही.”

बोलणे थट्टेचे होते, पण ते मनातून जाईना. त्या उपाहारगृहाविषयी मी मिळेल ते वाचले. वाचकहो, घरातील वृद्धांसाठी स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाला त्या कारभारातून काही घेण्यासारखे आहे, असे वाटल्यामुळे ते येथे मांडतो.

उपाहारगृहाचे नाव ‘फ्रोन्तेरा ग्रिल’. रिक बेलेस आणि त्यांच्या पत्नी डीअॅन यांनी ते १९८७ साली शिकागोत सुरू केले. बेलेस मूळचे ओक्लाहोमाचे. घरचाच खानपानाचा व्यवसाय होता, पण त्यांनी स्पॅनिश भाषा आणि लॅटिन अमेरिकेची संस्कृती हे विषय अभ्यासाला घेतले. पुढे मिशिगन विद्यापीठात भाषाशास्त्रातील डॉक्टरेटसाठी सुरू केलेले काम बाजूला ठेवून दोघे पती-पत्नी काही वर्षे मेक्सिकोत फिरले. बाजारांत, फोंड्यांवर, घरोघरच्या चुलींपाशी बसून त्यांनी पाककृती टिपून घेतल्या. या भटकंतीवरचे त्यांचे पुस्तकही १९८७ मध्येच प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये त्यांनी शेजारीच ‘तोपोलोबाम्पो’ हे दुसरे उपाहारगृह काढले. सिनालोआ प्रांतातल्या एका बंदराचे हे नाव. अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट उपाहारगृहाला मिळणारा जेम्स बिअर्ड पुरस्कार पहिल्याला २००७ मध्ये आणि दुसऱ्याला २०१७ मध्ये मिळाला. बेलेस स्वतः मेक्सिकन नाहीत आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. परक्याच्या स्वयंपाकघरात शिरणाऱ्याने तेवढे ऐकून घ्यावेच लागते.

त्या काळी सामान्य अमेरिकन माणसाच्या लेखी मेक्सिकन जेवण म्हणजे घडी घातलेली कुरकुरीत पोळी, खिमा आणि वर वितळलेले पिवळे चीज. प्रत्यक्षात ओआहाका प्रांत ओळखला जातो तो ‘मोले’ नावाच्या दाट वाटणांसाठी. युकातानमध्ये मांसाला आंबट संत्र्याचा रस आणि शेंदरी बियांचे वाटण चोळतात, ते केळीच्या पानात गुंडाळतात आणि जमिनीतल्या खड्ड्यात शिजवतात. वेराक्रूझचा मासा टोमॅटो आणि ऑलिव्हच्या रश्श्यात येतो. हे सगळे एकाच नावाखाली, एकाच मसाल्यात बसवणे धंद्याच्या दृष्टीने सोपे असते. या जोडप्याने अवघड वाट धरली. सुक्या मिरच्यांच्या जाती वेगवेगळ्या ओळखायच्या, प्रत्येकीला जेवढ्यास तेवढे भाजायचे, भिजवायचे, मगच वाटायचे. स्वयंपाकघरातल्या माणसांना मेक्सिकोत नेऊन मूळ चव जिभेवर बसवायची. ताज्या भाज्यांसाठी आसपासच्या लहान शेतकऱ्यांना हाताशी धरायचे. त्या शेतकऱ्यांना अर्थसाहाय्य देण्यासाठी २००३ मध्ये त्यांनी एक प्रतिष्ठानही स्थापन केले. आणि जेवणघराच्या भिंतींवर मेक्सिकोची लोककला आणि चित्रे अशी मांडायची की घास तोंडात जाण्यापूर्वी डोळ्यांना त्या देशाची ओळख व्हावी.

वैद्यक म्हणून मला सर्वांत मोलाची वाटते ती तिथल्या मक्याची गोष्ट. मेक्सिकोत मका थेट दळत नाहीत. चुना घातलेल्या पाण्यात थोडा वेळ शिजवतात, त्याच पाण्यात रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन साले काढतात आणि मग दळतात. पूर्वी हे काम आपल्या पाट्या-वरवंट्यासारख्या दगडावर होई. या प्रक्रियेचे मूळ नाहुआत्ल भाषेतील नाव ‘निश्तामल’. सुमारे ३,००० वर्षांपासून ही रीत चालत आली आहे. चुन्यामुळे पीठ चिकटून येते, म्हणून पोळी तुटत नाही. धान्यातील कॅल्शियम वाढते. शिवाय मक्यात बांधलेल्या अवस्थेत असलेले नायसिन हे ‘ब’ गटातील जीवनसत्त्व मोकळे होऊन शरीराला मिळते.

युरोपीयांनी मका आपल्याकडे नेला, पण चुन्याची ही पायरी नेली नाही. ती त्यांना बायकांची निरर्थक खटपट वाटली असावी. परिणाम पुढे दिसला. इटलीच्या उत्तरेला आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिणेला, केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा पसरला. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू, असा हा रोग. तो जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ नंतरच्या काळात दाखवले. आपल्या दख्खनच्या पठारावरही निव्वळ ज्वारीवर राहणाऱ्या मजुरांत पेलाग्रा आढळे. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला. मेक्सिकोतील खेडूत मात्र मका खाऊनही बहुतांशी या रोगापासून दूर राहिला, कारण त्याच्या आजीची रीत मोडली नव्हती, आणि मक्याच्या पोळीबरोबर घेवड्याची उसळ असेच. धान्यात जे प्रथिन-घटक उणे, ते कडधान्यात असतात. (चुना पौष्टिक म्हणून कोणी तो तसाच पोटात घेऊ नये. तेथे तो निथळून, धुऊन टाकला जातो.)

मी आजींना तोवर न विचारलेला प्रश्न विचारला, “आजी, माहेर कुठले?” माहेर खानदेशातले. लहानपणी काय खात होता? “कळण्याची भाकरी आणि भरीत,” आजी म्हणाल्या, आणि मग कळण कसे दळायचे हे त्या दहा मिनिटे सांगत राहिल्या. ज्वारीत उडीद घालून दळलेले ते पीठ. धान्य आणि कडधान्य एकत्र, म्हणजे मेक्सिकोतल्या पोळी-उसळीचेच तत्त्व. माझ्या कागदाने नेमके तेच बंद केले होते.

आता थोडे व्यवहाराचे. वृद्ध व्यक्तीचे वजन सहा ते बारा महिन्यांत ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका. आधी तपासण्या करा. आजींचे रक्त, थायरॉइड, छातीचे क्ष-किरण छायाचित्र, पोटाची सोनोग्राफी, सारे केले आणि काही दोष निघाला नाही. दातांची कवळी सैल होती, ती नीट करून घेतली. तोंड कोरडे पाडणारी एक गोळी बदलली.

मग चवीकडे वळलो. वाढत्या वयात वास घेण्याची शक्ती मंदावते आणि अन्न बेचव लागते. अशा वेळी मीठ वाढवणे हा मार्ग नव्हे. दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आतच असावे. पण मेक्सिकन आचारी जे करतो ते आपणही करू शकतो: मिरची, लसूण, टोमॅटो, कांदा आचेवर भाजून घेणे, लिंबाचा किंवा आमसुलाचा आंबटपणा देणे, जिरे भाजून कुटणे. त्याने कमी मिठातही पदार्थ खुलतो. मिरची आपल्याकडेही त्याच मुलखातून, पोर्तुगीजांबरोबर आली. तिचे भाजलेले बोटभर टोक बहुतेक वृद्धांना बाधत नाही. आम्लपित्त, अल्सर किंवा मूळव्याधीचा त्रास असेल तर मात्र ती टाळावी. मिठाला पर्याय म्हणून विकले जाणारे पोटॅशियमयुक्त मीठ मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या काही रुग्णांना घातक ठरते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. प्रथिने वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे १ ग्रॅम मिळावीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास हे प्रमाण वेगळे असते.

शेवटी त्या भिंतींवरच्या चित्रांची बाब. आजी आतल्या खोलीत, पलंगावर, एकट्या जेवत. मोतीबिंदूने मंदावलेल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या वाडग्यात फिकट खिचडी येई, ती त्यांना धड दिसतही नसे. सुनेला म्हणालो, गडद रंगाची थाळी घ्या, उजेड वाढवा आणि त्यांना सगळ्यांबरोबर जेवायला बसवा. नातवाने जेवणाच्या खोलीत आजींच्या माहेरच्या वाड्याचे जुने छायाचित्र मोठे करून लावले.

चार महिन्यांनी वजन ५० किलो झाले. रक्तदाब आटोक्यात आहे. भाकरी वरणात कुस्करून द्यावी लागते आणि काही दिवस त्या अर्ध्यातच हात धुतात. चमत्कार काही झालेला नाही. पण परवा तपासणीला आल्या तेव्हा सुनेची तक्रार निराळी होती: “भरताला वांगी नीट भाजली नाहीत, म्हणून रोज बोलणी खाते.” आजींनी मान वळवून ऐकले न ऐकलेसे केले.

तो जुना कागद मी फाडून टाकला. नव्या कागदावर औषधांच्या वर आता माहेरचे गाव लिहिले आहे आणि खाली पुढच्या फेरतपासणीची तारीख. तुमच्या घरातील वृद्धांसाठी पथ्याचा एखादा जुना कागद कपाटात असेल, तर तो काढून त्यावरची तारीख पाहा आणि पुढच्या भेटीत आपल्या डॉक्टरांसमोर ठेवा. त्याआधी एखाद्या संध्याकाळी आई-वडिलांपाशी बसून त्यांच्या लहानपणीचे दोन-तीन पदार्थ, दळण्या-भाजण्याच्या सगळ्या पायऱ्यांसह लिहून घ्या. वरवर निरर्थक वाटणारी पायरी तर मुळीच गाळू नका.