‘इनलाइन’ लिहिल्याने वेग येत नाही

नवी मुंबईतल्या ऐरोली-महाप्याच्या ऑफिसांत सी++ लिहिणाऱ्यांमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: फंक्शनच्या आधी ‘इनलाइन’ लिहिलं की त्याचा कोड थेट कॉलच्या जागी उतरतो, उडी वाचते आणि प्रोग्राम पळतो. मुलाखतीतही हे उत्तर खपून जातं.

कोड उतरला तर उडी वाचते, हे मान्य. पण तो उतरवायचाच, अशी सक्ती सी++चं प्रमाणक कंपायलरवर करत नाही. या शब्दाचं आजचं खरं काम निराळं आहे: हेडरमधली एकच व्याख्या अनेक फाइलींत आली तरी लिंकरने अडवू नये, एवढी मुभा तो देतो.

कोड उतरवायचा की नाही, हा निर्णय होतो तो हिशेबाने. क्लँग कंपायलरच्या पोटातला एलएलव्हीएम साध्या सूचनेला 5 गुण खर्च धरतो, आत आणखी कॉल असेल तर वर 25. ‘-ओ2’ या ऑप्टिमायझेशन-पातळीला खर्चाची मर्यादा 225. ‘इनलाइन’ लिहिलंत तर 325; म्हणजे शब्दाला वजन आहे, पण शिफारसपत्राइतकंच. याउलट, एकाच ठिकाणाहून कॉल होणाऱ्या स्टॅटिक फंक्शनला 15000ची सूट मिळते, कारण मूळ प्रत टाकूनच देता येते. ती मिळवायला ‘इनलाइन’ लिहावं लागत नाही! आणि मर्यादा हवीच. अनेक प्रोसेसरांत सूचनांची पहिली कॅश 32 किलोबाइटची. कोड फुगला की वाचलेली उडी तिथे व्याजासकट वसूल होते. लिनक्स कर्नलची लेखनशैली तर तीन ओळींहून मोठ्या फंक्शनला हा शब्द लावू नका म्हणते.

‘मग सगळं कंपायलरवर सोडा’ हा दुसरा पक्षही लंगडाच. 225 हा निसर्गनियम नव्हे, अनुभवाने बसवलेला अंदाज आहे. लिंकच्या वेळचं ऑप्टिमायझेशन चालू नसेल तर दुसऱ्या फाइलीतलं फंक्शन कंपायलरला दिसत नाही. प्रोग्राम चालवून काढलेलं प्रोफाइल दिलं नाही तर कुठला रस्ता गर्दीचा हे तो अटकळीनेच ठरवतो. म्हणून फंक्शनं लहान आणि वाचनीय लिहावीत, कंपायलरला माहिती पुरवावी, आणि मग मोजावं. कंपायलर म्हणजे गूढ विद्याही नाही. खाडीपलीकडे पवईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि सहकाऱ्यांनी जीसीसी या कंपायलरचं पोट उघडून दाखवणाऱ्या कार्यशाळा घेतल्या आहेत.

पुढच्या रिव्ह्यूत कुणी ‘इथे इनलाइन लिही’ म्हटलं, तर वाद घालू नका. क्लँगला ‘-आरपास-मिस्ड=इनलाइन’ किंवा जीसीसीला ‘-डब्ल्यूइनलाइन’ द्या आणि नकाराचं कारण कंपायलरलाच विचारा.