परिचारिकांचे सहकार्य आणि दोन दीनारांचा हिशेब

दयाळू शोमरोन्याचा दाखला आपण प्रवचनांतून अनेकदा ऐकला आहे. मात्र त्याच्या शेवटाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परका शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत नेतो, त्याची काळजी घेतो, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकाच्या हाती दोन दीनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देण्याचे वचन देऊन निघून जातो. पुढची शुश्रूषा त्या रक्षकालाच करावयाची असते. पैसा परक्याचा, हात स्थानिक माणसाचे आणि दोघांमध्ये विश्वास. छोट्या अनुदानांवर चालणाऱ्या आरोग्यप्रकल्पांत देशोदेशींच्या परिचारिकांचे जे सहकार्य घडते, त्याचेही स्वरूप हेच आहे.

आज हे दोन दीनार वाटेतच अडू लागले आहेत. परकीय निधीविषयीच्या कायद्यात, म्हणजे ‘एफसीआरए’मध्ये, सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी एखादी मोठी नोंदणीकृत संस्था परदेशातून आलेला निधी लहान नोंदणीकृत संस्थांना वाटून देऊ शकत असे. आता तसे करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैशाचा माग राहावा ही शासनाची अपेक्षा गैर नाही, हिशेब चोख ठेवणे हे आपलेही कर्तव्यच आहे. परंतु स्वतःची नोंदणी करण्याची ज्यांची ऐपत नाही, अशा छोट्या दवाखान्यांची वाट यामुळे बंद झाली. त्यात जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत रोखली आणि १ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’ या संस्थेचे कामकाजही संपुष्टात आले.

मग हे सहकार्य संपले असे समजावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. परदेशांतून आलेली सर्वांत मोलाची गोष्ट पैसा ही नव्हतीच.

सिकलसेल या रक्तदोषाचेच उदाहरण घेऊ. शिरपूर, साक्री आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार पिढ्यान्पिढ्या आहे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा बालकाच्या पानथरीत, म्हणजे प्लीहेत, अचानक रक्त साठून ती सुजते आणि काही तासांत मूल दगावू शकते. जमैका या छोट्याशा बेटावर मातांना बाळाची पानथरी हाताने चाचपून पाहण्यास शिकवण्यात आले. सूज वेळीच ध्यानात येऊ लागली, माता बाळाला घेऊन दवाखान्यात धावू लागल्या आणि या कारणाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. ही विद्या शिकविण्यास यंत्र लागत नाही. समजावून सांगणारी परिचारिका आणि तिच्यावर विश्वास ठेवणारी आई, एवढे पुरे.

शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा हे मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग यांच्या सांध्यावरचे गाव. दरवर्षी खानदेशातील कितीतरी आदिवासी कुटुंबे याच वाटांनी गुजरातेत ऊसतोडीला आणि मजुरीला जातात. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणी होते, कार्ड मिळते. पण कुटुंब गाव सोडते तेव्हा औषध आणि पाठपुरावा दोन्ही तुटतात. इकडच्या परिचारिकेने तिकडच्या परिचारिकेला फोन करून त्या बालकाची माहिती दिली, तर तो धागा टिकेल. शेजारच्या राज्याशी नाते जोडता आले नाही, तर सातासमुद्रापलीकडचे सहकार्य काय कामाचे?

या कामाचा धडा आपल्याला जामखेडने पूर्वीच दिला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने वेल्लोर आणि अमेरिकेत शिक्षण घेऊन १९७० साली तेथे काम सुरू केले. प्रशिक्षित परिचारिकांनी खेड्यांत राहावे हा मूळ विचार व्यवहारात टिकला नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुधा निरक्षर असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देण्यात आले आणि परिचारिका त्यांच्या शिक्षिका व पाठीराख्या झाल्या. परदेशी मित्रांची मदत होती. पण काय करावे हे गाव ठरवीत होते. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या प्रयोगाची माहिती आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केली, आणि पुढे देशोदेशींचे लोक जामखेडला शिकावयास आले.

तरीही औषधाला, प्रवासाला आणि छापील पत्रकाला थोडा पैसा लागतोच. जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत, आणि दर सातांतील एक परक्या देशात जन्मलेली आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ चा अहवाल सांगतो. आपल्याही धर्मग्रामांतील कन्या आखातात आणि युरोपात रुग्णसेवा करीत आहेत. भारतीय पासपोर्ट कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून, बँकेच्या नेहमीच्या मार्गाने दिलेली देणगी या कायद्यानुसार परकीय निधी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची मात्र ठरते. हा भेद प्रत्येक धर्मग्राम समितीने नीट समजून घ्यावा. सुट्टीवर आलेल्या परिचारिकेचा आपण सत्कार करतो, तिच्याबरोबर छायाचित्र काढतो. त्याऐवजी तिला एक दिवस आपल्या दवाखान्यातील भगिनींसोबत आणि गावच्या आशाताईंसोबत बसवावे. तिने नवे सांगावे आणि येथील अडचणीही ऐकून घ्याव्यात.

११ फेब्रुवारीला आपण जागतिक रुग्ण दिन पाळतो. त्या रविवारच्या मिस्सेतील दानाचा एक वाटा जवळच्या आरोग्यप्रकल्पासाठी ठेवावा आणि त्याचा हिशेब वर्षअखेरीस वेदीवरून वाचून दाखवावा, अशी आमची सूचना आहे. शोमरोन्याने परत येण्याचे वचन दिले होते. तो येईपर्यंत उतारशाळेचे दार उघडे ठेवणे आपल्या हाती आहे.