पाणी ओतणं म्हणजे मेंटेनन्स नव्हे!

घरात नवी गाडी आली की जुनी कुणाकडे जाते? अर्थातच कॉलेजात जाणाऱ्याकडे. मोठ्या भावाचा शर्ट धाकट्याच्या वाट्याला येतो ना, अगदी तसंच. बारा-चौदा वर्षांची, लाख-सव्वा लाख किलोमीटर पळालेली हॅचबॅक. पण चावी हातात पडली की आपण राजे! मग याद्या सुरू होतात. म्युझिक सिस्टीम, सीट कव्हर, जमलंच तर अलॉय व्हील्स. आणि पहिल्याच शनिवारी पाच जण कोंबून लोणावळा.

या यादीत एक नाव कधीच नसतं, ते म्हणजे कूलिंग सिस्टीम. माझं म्हणणं साधं आहे. जुन्या गाडीवरचा पहिला खर्च तिथेच व्हायला हवा. गाडी उकळल्यावर नव्हे, ती मस्त चालत असताना.

यावर लगेच उत्तर येतं, ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?’ घोळ तिथेच आहे. ब्रेक झिजले की आवाज करतात, टायर झिजलेला डोळ्यांना दिसतो. कूलिंग सिस्टीम मात्र गुपचूप म्हातारी होते. इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहून रबरी होज पाइप कडक होतात, नाहीतर फुगून मऊ पडतात. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या ठिसूळ होतात. कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनं असतात, तीही हळूहळू संपतात. बाहेरून सगळं छान! आणि एक दिवस बॉनेटमधून वाफ.

हे महत्त्वाचं का, तर आकडा बघा. इंजिनात पेट्रोल जळून जी ऊर्जा तयार होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग उष्णतेच्या रूपात कूलिंग सिस्टीमला बाहेर काढावा लागतो. चाकांपर्यंत साधारण तेवढीच किंवा त्याहूनही कमी ऊर्जा पोचते. म्हणजे गाडी पळवण्याइतकंच मोठं काम तिला थंड ठेवण्याचं आहे.

आणि हे काम चालतं प्रेशरवर. घरातला कुकर आठवा. आत दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, त्याच्या वर जातं. रेडिएटरची कॅप हेच करते. ती नुसतं झाकण नसून कुकरच्या शिट्टीसारखी दाब सांभाळणारी वस्तू आहे. तिचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं. सगळ्या सिस्टीममधला हा जवळपास सगळ्यात स्वस्त पार्ट, पण तो बदलायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता आपल्याकडची लाडकी सवय. पातळी खाली गेली? ओत पाणी! दर आठवड्याला अर्धी बाटली टाकली की काम झालं, असं कितीतरी जण अभिमानाने सांगतात. पण सिस्टीम बंद आहे बॉस. त्यातलं कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल, तर ते कुठून तरी बाहेर जातंय. होजच्या क्लिपमधून, वॉटर पंपाच्या सीलमधून किंवा हेड गॅसकेटमधून थेट इंजिनात. पाणी ओतून आपण फक्त आजार झाकतो. त्यात ते बोअरवेलचं क्षारवालं पाणी असेल तर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत थर बसायला सुरुवात. गीझरच्या कॉइलचं काय होतं, घरी विचारा!

दुसरा जुगाड आणखी भारी. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा. काही गॅरेजवाले हे अगदी आत्मविश्वासाने सुचवतात. थर्मोस्टॅट हा इंजिनाचा दरवान आहे. इंजिन साधारण ८० ते ९० अंशांवर पोचलं की तो कूलंटला रेडिएटरकडे सोडतो. तो काढला की इंजिन तापायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते. आणि तापण्याचं खरं कारण आहे तिथेच राहतं.

हे सगळं उघडं पडतं ते घाटात. बोरघाट किंवा कसारा, मे महिना, गाडीत पाच जण, एसी फुल्ल, पुढे ट्रक आणि आपण पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. वेग नाही म्हणजे रेडिएटरला वारा नाही, सगळी भिस्त फॅनवर. गावात दोन वर्षं ‘चालतंय ना’ म्हणणारी गाडी इथे हात टेकते. त्यात बऱ्याच छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त दिवा असतो. लाल दिवा लागल्यावर ‘वर जाऊन थांबू’ म्हणत आणखी दोन किलोमीटर रेटलं, की अल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅसकेट उडतं. मग हेड उतरवा, फेस मारा आणि घरी पाच आकडी बिल सांगा. पैशांचं एकवेळ सोडा. हायवेच्या कडेला मित्रमैत्रिणींना घेऊन उभं राहणं धोक्याचं आहे. आणि घाईत गरम रेडिएटरची कॅप उघडली तर उकळतं कूलंट सरळ तोंडावर येतं. हा कुकर तुमच्या आमच्या हातून उघडायचा नाही, म्हणजे नाही.

‘आमच्याकडे पैसे कुठेत?’ हा प्रश्न खराय. म्हणून तर आधी करा! कूलंट, कॅप, होज आणि थर्मोस्टॅट यांचा खर्च हेडच्या कामापुढे किरकोळ आहे. ‘चांगलं उघडलं की बिघडतं’ ही भीतीसुद्धा अगदीच खोटी नाही. कूलंट भरताना आत हवा अडकली तर नवी गाडीही तापेल. म्हणून सुटे सुटे पार्ट दर दोन महिन्यांनी उघडण्यापेक्षा एकदाच नीट काम करून घ्या आणि हवा काढलीय ना, हे मिस्त्रींना विचारा. तुम्ही विचारताय म्हटल्यावर तेही लक्ष देतात. काही इंजिनांत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे बेल्ट बदलतानाच पंपही बदलला की मजुरी एकदाच.

गाडीचा जुना हिशेब माहीत नसेल, तर काहीच केलेलं नाही असं धरून चाला. कूलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच घ्या. रंग बघून नको, कारण रंग म्हणजे दर्जाची खूण नव्हे आणि दोन वेगळ्या प्रकारची कूलंट मिसळणं इंजिनाला बाधतं. पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर वापरा. आणि काढलेलं कूलंट गटारात ओतू देऊ नका. ते विषारी असतं, चवीला गोड लागतं, गल्लीतली कुत्री-मांजरं ते चाटतात.

जुनी गाडी दगा देते, हे आपण फार सहज बोलून जातो. बहुतेकदा तिने वेळ दिलेला असतो, आपण बघितलेलं नसतं. तेव्हा या रविवारी अलॉयचे रेट बघायच्या आधी पाच मिनिटं काढा. गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडा, कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीला मार्करने रेघ मारा. महिनाभर दर रविवारी तपासा. रेघ सुटून पातळी खाली गेली, तर पाण्याची बाटली बाजूला ठेवा आणि गॅरेज गाठा. लोणावळा काय, पुढच्या शनिवारीही तिथेच असणार आहे.